परदेशात कापले गेलेले पैसे: सामाजिक सुरक्षा सीमेवर का अडते?

पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी आपल्या इंजिनिअरला एच-१बी व्हिसावर अमेरिकेला पाठवते असं समजू. तिथल्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर आयकराखाली आणखी दोन कपाती दिसतात. एक ६.२ टक्क्यांची, सोशल सिक्युरिटीची, आणि दुसरी १.४५ टक्क्यांची, मेडिकेअरची, म्हणजे म्हातारपणीच्या आरोग्य विम्याची. तेवढीच रक्कम कंपनीही भरते. वर्षाला एक लाख डॉलर पगार असेल, तर नुसत्या सोशल सिक्युरिटीत त्याचे ६,२०० आणि कंपनीचे ६,२०० डॉलर जातात. एच-१बीची नेहमीची मुदत सहा वर्षं. तेवढ्यात दोघांचे मिळून ७४,४०० डॉलर होतात.

अमेरिकेची ही पेन्शन मिळायची तर ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं काम हवं. सहा वर्षांत होतात २४. ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे मुदत वाढत गेली तर गोष्ट वेगळी, पण जो सहा वर्षांनी परत आला त्याच्या हाती यातलं काही लागत नाही. भरलेले पैसे परत मागायचीही सोय नाही.

यात फसवाफसवी कुणी केलेली नाही, कायदाच तसा आहे. तो तसा का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सामाजिक सुरक्षा म्हणजे आजारपण, कामावरचा अपघात, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण किंवा कमावत्या माणसाचा मृत्यू अशा वेळी घर उघड्यावर पडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून केलेली तजवीज. एकतर पगारातून वर्गणी गोळा करायची आणि ज्याच्यावर वेळ आली त्याला द्यायची, नाहीतर सरकारने करातून द्यायचं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली कामावरच्या अपघाताचा आणि १८८९ साली म्हातारपणाचा विमा सुरू झाला. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ चा आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. हे कायदे एकाच समजुतीवर उभे आहेत: माणूस ज्या देशात काम करतो, त्याच देशात म्हातारा होतो.

ही समजूत आता टिकलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १६ कोटी ७७ लाख माणसं आपला देश सोडून दुसऱ्या देशाच्या श्रमबाजारात होती. मालासाठी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आहे, तिची तंटे सोडवायची यंत्रणा आहे. भांडवलासाठी देशादेशांत गुंतवणुकीचे करार आहेत. कामगाराच्या पेन्शनसाठी सगळ्या जगाला लागू होईल अशी व्यवस्था नाही. कामगार संघटनेने १९८२ मध्ये त्यासाठी एक करारनामा केला होता (क्रमांक १५७), पण त्याला मान्यता देणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यामुळे उरतो तो एकच मार्ग, दोन देशांनी आपापसात करार करायचा.

करार झाला की काय बदलतं

जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण भारताचा तिथला करार चांगला भरभक्कम आहे. २००९ मध्ये एक मर्यादित करार लागू झाला होता आणि १ मे २०१७ पासून पूर्ण करार अमलात आला.

समजा, एका बाईंनी भारतात आठ वर्षं नोकरी केली आणि मग जर्मनीत चार वर्षं. भारतातल्या कर्मचारी पेन्शन योजनेला (ईपीएस) किमान दहा वर्षं लागतात. जर्मनीत म्हातारपणाच्या पेन्शनला किमान पाच. म्हणजे बारा वर्षं नोकरी करूनही त्या दोन्हीकडे अपात्र ठरतात, भारतात दोन वर्षं कमी पडतात आणि जर्मनीत एक. करारामुळे दोन्हीकडची वर्षं पात्रतेपुरती एकत्र मोजली जातात. बारा वर्षं धरली की दोन्ही देशांची अट पुरी होते. मग प्रत्येक देश आपल्याकडे भरलेल्या वर्षांपुरतीच पेन्शन देतो. ईपीएसचं सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली, तर आठ वर्षांचे महिन्याला साधारण १,७१४ रुपये होतात. रक्कम पाहून आनंद होण्यासारखं काही नाही, आणि आपली पेन्शन इतकी तुटपुंजी का हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण करार नसता तर ही मासिक पेन्शनही गेली असती आणि जर्मनीची तर त्याहून मोठी रक्कम गेली असती.

कराराचा दुसरा फायदा कंपनीने थोड्या काळासाठी पाठवलेल्यांना होतो. भारतात पीएफ (भविष्य निर्वाह निधी) चालू असलेल्या माणसाला ईपीएफओ, म्हणजे हा निधी सांभाळणारी सरकारी संस्था, एक प्रमाणपत्र देते, ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’. ते दाखवलं की परदेशात वर्गणी कापली जात नाही. ही सूट बहुतेक करारांत पाच वर्षांपर्यंत असते. म्हणजे दोनदा कपात टळते. तिसरी गोष्ट म्हणजे मिळालेली पेन्शन आपल्या गावी बसून घेता येते, ती त्या देशात राहण्याच्या अटीला बांधलेली नसते.

भारताचा पहिला असा करार बेल्जियमशी झाला, तो २००९ मध्ये लागू झाला. पुढे स्वित्झर्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान वगैरे मिळून यादी सुमारे वीस देशांपर्यंत गेली आहे. यासाठी भारताने दबावही वापरला. १ ऑक्टोबर २००८ पासून भारतात काम करणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यांना, त्यांच्या देशाशी करार नसेल तर, पगाराची कुठलीही कमाल मर्यादा न धरता पूर्ण पगारावर पीएफ भरणं सक्तीचं झालं. त्या कंपन्यांना झळ बसली की त्यांची सरकारं बोलणी करायला बसतील, हा हिशोब होता. (या नियमावरून आपल्या उच्च न्यायालयांतही खटले झाले आहेत.)

सगळेच करार सारखे नसतात. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याच्या जोडीने दुहेरी वर्गणी टाळण्याचं ठरलं. कंपनीने पाठवलेल्या माणसाला ठरावीक काळापर्यंत दोनदा भरावं लागणार नाही. पण दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजून पेन्शन देण्याची तरतूद त्यात नाही. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची वर्गणी लागते, ती तिथेच पूर्ण करावी लागते. आणि तिथे आयुष्यभर काम करून कुणी निवृत्तीनंतर नाशिकला किंवा मडगावला राहायला आलं, तर त्यांची ब्रिटिश पेन्शन पहिल्या वेळी जेवढी मिळाली तेवढीच राहते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची दरवर्षी एप्रिलमध्ये वाढते. भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांची वाढत नाही. वर्गणी सारखीच भरलेली असते, फरक फक्त पत्त्याचा. हा मला उघड अन्याय वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला युरोपीय संघ आहे. तिथे १९५८ पासून हे नियम घडत आले. एका वेळी एकाच देशात वर्गणी भरायची, परक्या देशाच्या नागरिकाला स्थानिकांइतकेच हक्क, सगळ्या देशांतली वर्षं एकत्र मोजायची आणि पेन्शन संघात कुठेही घ्यायची, असा त्याचा गाभा आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनला गेलेल्या गोवेकरांना ब्रेक्झिटपर्यंत, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडेपर्यंत, याचाच आधार होता. २०२० च्या अखेरीपर्यंत जे तिथे स्थिरावले, त्यांचे हक्क माघारीच्या करारामुळे टिकले. त्यानंतर जाणाऱ्यांसाठी नियम बदलले.

आखात: माणसं सर्वांत जास्त, करार एकही नाही

भारताच्या करारांची यादी पुन्हा पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जवळपास सगळे देश श्रीमंत आहेत आणि तिथे आपल्याकडून जाणाऱ्यांत बराच मोठा भाग इंजिनिअर, व्यवस्थापक, आयटीवाल्यांचा आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय आहेत. या सहांपैकी एकाशीही असा करार नाही. अमिरातीशी २०२२ मध्ये व्यापार करार लागू झाला. पेन्शनचा करार मात्र झालेला नाही.

खेड, दापोली, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या भागांत घरटी कुणी ना कुणी आखातात आहे किंवा होतं. २०२३-२४ च्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेने केलेल्या पाहणीत परदेशातून आलेल्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला होता. केरळ दुसऱ्या क्रमांकावर, १९.७ टक्के. हा सगळा पैसा आखाताचा नाही, अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण अमिरात लगेच त्याच्यामागे आहे.

आखाती देशांत पेन्शन योजना आहेत, पण त्या तिथल्या नागरिकांसाठी. बाहेरून आलेल्या कामगाराला नोकरी संपताना एकरकमी सेवासमाप्तीची रक्कम मिळते. लोक याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. अमिरातीचा नियम असा: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा.

बारा वर्षं काम केलेल्या कामगाराचा मूळ पगार १,५०० दिरहम आहे असं धरू. दिवसाचे ५० दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या सातांचे २१०, एकूण ३१५ दिवस. म्हणजे १५,७५० दिरहम, रुपयांत साडेतीन ते चार लाखांच्या घरात. बारा वर्षांच्या घामाचा एवढाच हिशोब, आणि त्यानंतर म्हातारपणासाठी दरमहा काहीही नाही.

यात खरी गोम ‘मूळ पगार’ या शब्दांत आहे. करारपत्रावर मूळ पगार १,००० आणि जेवण, राहणं, इतर भत्ते ८०० असं लिहिलं, तर हातात महिन्याला १,८०० येतात, पण सेटलमेंट १,००० वर होते. एजंट पगार सांगतो तो भत्ते धरून. शिवाय हा पैसा बहुतेक ठिकाणी वेगळ्या निधीत ठेवलेला नसतो, तो मालकाकडेच असतो. कंपनी बुडाली की तोही बुडतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात हजारो कामगार थकलेला पगार आणि सेटलमेंट न घेताच विमानात बसले. परत आल्यावर तिथल्या कामगार न्यायालयात दाद कशी मागणार?

भारत सरकारने जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना ठेवली आहे. दहावी पास नसलेल्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, त्यांना ती सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण. योजना चांगली आहे, पण ती अपघाताची आहे, म्हातारपणाची नाही. आणि जो व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे काम धरतो, तो या सगळ्यातून निसटतो.

फिलिपिन्सने वेगळी वाट धरली. तिथल्या नव्या कायद्याने २०१९ पासून परदेशात काम करणाऱ्या आपल्या नागरिकांना स्वदेशातल्या सामाजिक सुरक्षेत सक्तीने घेतलं. दोष एकच: जिथे करार नाही तिथल्या परदेशी मालकाकडून वर्गणी घेता येत नाही, म्हणून जहाजावर नव्हे तर जमिनीवर काम करणाऱ्यांना दोन्ही वाटे स्वतःच भरावे लागतात. तरीही माणूस परत येतो तेव्हा त्याच्या नावावर काही वर्षं जमा असतात. बहरीनने मालकांच्या बाजूने पाऊल उचललं. मार्च २०२४ पासून तिथले मालक परदेशी कामगारांच्या सेटलमेंटचे पैसे दरमहा सरकारी सामाजिक विमा संस्थेकडे भरतात. अमिरातीनेही २०२३ मध्ये बचत निधीची योजना आणली, पण ती बहुतांशी ऐच्छिक आहे. भारताने पुढच्या बोलण्यांत आखातात पेन्शन मागितली तर ती मिळायला वेळ लागेल. बहरीनसारखा निधी मागणं आजही शक्य आहे, आणि माझ्या मते आपल्या परराष्ट्र खात्याने ती मागणी सर्वांत आधी लावून धरायला हवी.

जहाजावरचा माणूस नेमका कुठला?

खलाशाची परिस्थिती याहून गुंतागुंतीची. मालक ग्रीसचा, जहाजावर झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, भरती मुंबईतल्या एजन्सीकडून आणि माणूस रत्नागिरीचा किंवा गोव्यातल्या सालसेतचा. याला पेन्शन कुणी द्यायची? २००६ च्या सागरी कामगार करारनाम्याने उत्तर दिलं: खलाशी ज्या देशात राहतो, त्या देशाने. भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने नाविकांचा भविष्य निधी आहे, पण तो घडला भारतीय जहाजांच्या काळात. परदेशी झेंड्याखाली नऊ-नऊ महिन्यांचे करार करत आयुष्य काढलेले कितीतरी लोक निवृत्तीला मोकळ्या हाताने आले. म्हणूनच गोवा सरकारला २०१२ मध्ये निवृत्त तारवटी (खलाशी) आणि त्यांच्या विधवांसाठी राज्याच्या तिजोरीतून पेन्शन योजना काढावी लागली. नफा झाला जगभरच्या जहाज कंपन्यांना आणि म्हातारपणाचा भार आला छोट्याशा गोव्यावर.

माणूस जागेवर, काम हललेलं

आतापर्यंत माणूस सीमा ओलांडत होता. पण काम स्वतःच सीमा ओलांडतं तेव्हाही हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक कामगार मेले. ते युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी कपडे शिवत होते. बांगलादेशात कामावरच्या अपघाताचा विमाच नव्हता. कायद्याने मृत्यूला एक लाख टाका (बांगलादेशी चलन) एवढीच भरपाई होती. अखेर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मध्यस्थीने एक निधी उभारला गेला आणि अपघातविम्याच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यातलं सूत्र लावून प्रत्येक कुटुंबाचा हिशोब झाला. ब्रँडकडून स्वेच्छेने तीन कोटी डॉलर जमायला जून २०१५ उजाडला. दोन वर्षांहून जास्त. ज्यांचा कमावता माणूस ढिगाऱ्याखाली गेला, त्यांनी ही दोन वर्षं कशी काढली असतील?

ज्या देशात कामगाराचा विमा आहे, तिथे माल थोडा महाग पडतो. खरेदीदार तो महागपणा दाखवून दुसऱ्या देशाकडे वळू शकतो. ही भीती सरकारांना वर्गणी वाढवू देत नाही. मात्र ती भीती म्हणजे नियतीचा नियम नव्हे. डॅनी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये दाखवून दिलं की ज्या देशांची अर्थव्यवस्था बाहेरच्या व्यापाराला जास्त खुली, तिथे सरकारी खर्चही साधारणपणे जास्त असतो. बाहेरच्या वादळांची झळ बसणाऱ्या लोकांना आधार दिला, तरच ते खुल्या बाजाराला साथ देतात. बांगलादेशातही २०२२ मध्ये कपडा उद्योगासाठी अपघात विम्याची प्रायोगिक योजना सुरू झाली, परदेशी ब्रँड तिच्यात पैसे घालतात.

आपल्या घरातलं

अमेरिकेशी भारताचा करार का होत नाही, यासाठी आपण सहसा अमेरिकेला दोष देतो. पण तिच्या कायद्यात अट आहे की समोरच्या देशाची योजना सर्वसाधारण लोकांना लागू असणारी हवी. आपला पीएफ मुख्यतः संघटित क्षेत्राचा, आणि बोलणी अडण्याचं एक कारण हेच सांगितलं गेलं आहे. म्हणजे शेतमजूर, घरकामवाली, बांधकामावरचा बिगारी यांना आपण बाहेर ठेवलं, त्याची किंमत कॅलिफोर्नियातला आपला इंजिनिअरही मोजतो. जगात तरी चित्र कुठे वेगळं आहे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगातल्या ५२.४ टक्के लोकांना सामाजिक सुरक्षेचा किमान एक तरी लाभ होता. सुमारे ३८० कोटी माणसांना एकही नाही.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात प्रथमच अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा, म्हणजे डिलिव्हरीवाल्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा विचार आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. ती कशी गोळा होते आणि त्यातून नेमकं काय मिळतं, यावर बरंच अवलंबून आहे, कारण यातल्या कित्येक कंपन्यांचा कारभार एका देशात, गुंतवणूकदार दुसऱ्या देशात आणि कामगार आपल्या गल्लीत.

हे सगळं सुधारायला वर्षं लागतील. तोवर घरातून कुणी बाहेर जाणार असेल तर काही गोष्टी आजच करता येतात. करार असलेल्या देशात कंपनी पाठवत असेल, तर निघण्यापूर्वीच ईपीएफओचं प्रमाणपत्र काढून घ्या, एचआर विसरलं तर आठवण करून द्या. तिथे वर्गणी भरली असेल, तर त्या देशाचा विमा क्रमांक आणि पगाराच्या स्लिपा वीस-तीस वर्षं जपून ठेवा. पेन्शनचा अर्ज बहुतेक करारांत ईपीएफओमार्फतच करता येतो, पण तेव्हा हेच कागद लागतात. घरच्यांनाही ते कुठे आहेत हे माहीत असू द्या, वारसाची पेन्शन त्यांनाच मागायची असते. आखातात जाणाऱ्याने करारपत्रावर मूळ पगाराचा आकडा वेगळा पाहावा आणि तोच आकडा अरबी प्रतीत आहे का, ते सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावं. तंटा झाला तर सहसा अरबी प्रतच ग्राह्य धरतात.